शहापूरच्या दुकानातील तीन खोकी : हेम्पच्या अर्काचे कायद्यातील स्थान

पुढील प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील माल, कागदपत्रे आणि प्रश्न मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील कोणत्याही लहान व्यापाऱ्यापुढे आज उभे राहू शकतात.

बेळगावच्या शहापूर भागात काष्ठौषधी, आयुर्वेदिक तयार औषधे आणि सुका मेवा विकणारे एक दुकान आहे. दुकानदाराचे वय साठीच्या आसपास असून घरची भाषा मराठी आहे. कन्नड बोलता येते, वाचताना मात्र अडखळायला होते. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने त्याला ‘हेम्प’चा, म्हणजे भांग-गांज्याच्याच जातीच्या झाडाचा, माल ठेवण्याचा सल्ला दिला आणि महिन्याभरात तीन खोकी आली. पहिल्यात हेम्पच्या बियांची पाकिटे होती. दुसऱ्यात उत्तर भारतातील एका कारखान्याचे ‘विजया पत्र अर्क’ (विजया म्हणजे भांग) असे नाव असलेले तेल होते, आणि त्या कारखान्याकडे आयुष विभागाचा उत्पादन परवाना होता. तिसऱ्या खोक्यात अमेरिकेहून परतलेल्या एका मित्राने सामानातून आणलेले नऊ डबे होते. प्रत्येक डब्यात चघळण्याच्या ३० गोळ्या होत्या आणि लेबलवर ‘डेल्टा-८’, ‘हेम्पचा संपूर्ण अर्क’ आणि ‘टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी’ असे छापलेले होते. टीएचसी म्हणजे या झाडातला नशा आणणारा घटक, आणि डेल्टा-८ हे त्याचेच एक रूप. हे तिसरे खोके आधी महाराष्ट्राच्या हद्दीतल्या चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या एका गोदामात उतरले आणि तेथून बाचीमार्गे दुचाकीवरून शहापूरला आले.

भाच्याचे म्हणणे सरळ होते : “मामा, ह्यात नशा नाही. तिकडं किराणा दुकानात मिळतंय. डब्यावर टक्का पण लिहिलाय बघा.” त्यावर दुकानदाराने विचारले, “लिहिलंय ते खरं, पण इथं तो टक्का कोण मानतंय का, ते सांग की.” माल मांडण्याआधी त्याने वकिलाचा सल्ला घेतला तो याच प्रश्नावर, आणि सगळे प्रकरण याच प्रश्नाभोवती फिरते.

टक्का कुठून आला

०.३ टक्क्याची रेघ अमेरिकेच्या डिसेंबर २०१८ च्या शेतीविषयक कायद्यातून आली आहे. ज्या कॅनाबिस (भांग-गांज्याचे झाड) वनस्पतीत सुक्या वजनाच्या प्रमाणात डेल्टा-९ टीएचसी, म्हणजे झाडातले मुख्य टीएचसी, ०.३ टक्क्यांहून अधिक नाही, ती वनस्पती आणि तिचे अर्क तेथे ‘हेम्प’ ठरले आणि अमली पदार्थांच्या यादीतून बाहेर पडले. या व्याख्येत फक्त डेल्टा-९ चे नाव होते. म्हणून तेथील उत्पादकांनी नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिऑलवर, म्हणजे सीबीडीवर, आम्लाची प्रक्रिया करून त्यापासून डेल्टा-८ टीएचसी बनवायला सुरुवात केली. हा पदार्थ नशा आणतो. पुढे अमेरिकेलाच ही फट खटकली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील संसदेने व्याख्या आवळली. नव्या तरतुदीत एकूण टीएचसी मोजले जाते आणि तयार मालाच्या एका डब्यात ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. अंमलबजावणीसाठी वर्षभराची मुदत ठेवली आहे. याचा अर्थ असा की भाचा ज्या आधारावर बोलत होता, तो आधार त्याच्या मूळ देशातही डळमळीत झाला आहे.

भारताचा कायदा मुळात वेगळ्या पायावर उभा आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (पुढे नुसते ‘एनडीपीएस’) टक्केवारीवर चालत नाही. त्याच्या कलम २ नुसार कॅनाबिस वंशातील कोणतेही झाड हे ‘कॅनाबिस वनस्पती’ आहे, मग त्यात टीएचसी कितीही असो. त्या झाडाची राळ, कच्ची असो वा शुद्ध केलेली, चरस ठरते, आणि हशीश तेलही त्यातच येते. फुलोरा किंवा फळधारणा झालेले शेंडे गांजा ठरतात. बिया आणि पाने शेंड्यांसोबत नसतील तर त्यांना व्याख्येतून वगळले आहे. चरस आणि गांजा यांचे कोणतेही मिश्रण, त्यात दुसरा निरुपद्रवी पदार्थ मिसळलेला असला तरी, त्याच व्याख्येत बसते. याच कलमात ‘औषधी कॅनाबिस’ अशीही एक संज्ञा आहे. कॅनाबिसचा कोणताही अर्क किंवा टिंक्चर म्हणजे औषधी कॅनाबिस, आणि तो ‘उत्पादित औषधिद्रव्य’ म्हणून कलम २१ च्या शिक्षेस पात्र आहे. थोडक्यात, आपला कायदा झाडाचा कोणता भाग घेतला आणि त्यापासून काय काढले हे विचारतो. किती टक्के हा प्रश्न तो इथे विचारत नाही.

उत्तराखंडाने २०१८ पासून औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने दिले आणि त्यात ०.३ टक्क्याची अट घातली, हे खरे आहे. ती अट परवान्याची आहे, कायद्यातील व्याख्येची नाही. कलम १४ खाली सरकार धागा, बी किंवा बागायती प्रयोजनासाठी लागवडीस मुभा देऊ शकते. त्याच पिकाच्या शेंड्यांतून सीबीडी काढून विकण्याची मुभा त्या कलमातून आपोआप मिळत नाही. हेम्पच्या नावाने उद्योग उभारण्याची भाषा करणारे बरेच लोक हे कलम अर्धेच वाचतात, आणि त्याची किंमत शेवटच्या टोकाला बसलेला दुकानदार मोजतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिले खोके

बियांच्या पाकिटांबद्दल फार लिहायला नको. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आहे. बियांत टीएचसी किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा, बियांच्या तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा आणि सीबीडी ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, अशा मर्यादा आहेत. पाकिटावर परवाना क्रमांक होता आणि मालाबरोबर तपासणीचा अहवाल होता. फक्त कारखान्याने भेट म्हणून पाठवलेला, हिरव्या सात पाकळ्यांच्या पानाचा मोठा स्टिकर दुकानदाराने काउंटरच्या काचेवर लावला होता, तो उतरवायला सांगितले. या मालाच्या लेबलावर किंवा मांडणीत बियांखेरीज झाडाच्या दुसऱ्या भागाचे चित्र नियमांना चालत नाही. शिवाय ते पान पाहून आत येणारा गिऱ्हाईक बी मागायला येत नाही.

दुसरे खोके

खरा विचार तेलाच्या बाटल्यांचा करावा लागतो. देशात ‘विजया’च्या नावाने चालणारा सगळा व्यवसाय एका ओळीवर उभा आहे. शेंड्यांशिवायची पाने ही गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, त्यामुळे पानांचा अर्क हा एनडीपीएसमधील ‘कॅनाबिसचा अर्क’ नव्हे, असा हा युक्तिवाद आहे. आयुर्वेदात भांग हे जुने औषधिद्रव्य आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगेचा समावेश आहे. तिचा अंश असलेल्या, पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणे नियम १६१ ने बंधनकारक केले आहे. कारखान्याकडे परवाना असला आणि अर्क खरोखर पानांचाच असला, तर युक्तिवादाला बळ आहे.

कर्नाटकातील व्यापाऱ्याला याबाबत एक आधारही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या एका प्रकरणात जामीन देताना भांग एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाही असे म्हटले, आणि जप्त केलेली भांग चरस किंवा गांज्यापासून बनवल्याचा पुरावा समोर नाही याकडे लक्ष वेधले. हा जामिनाचा आदेश होता, अंतिम निवाडा नव्हे, हे वकिलाने अशिलाला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

मात्र आयुषचा परवाना दाखवला की एनडीपीएस गप्प बसतो, ही समजूत धोक्याची आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषध कायद्याखालच्या औषधांना एनडीपीएसपासून बराच आडोसा दिला होता. २०१४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती भूमिका रद्द केली. ‘वैद्यकीय प्रयोजन’ एवढे म्हणून भागत नाही. एनडीपीएस, त्याखालचे नियम आणि आदेश यांनी घालून दिलेल्या रीतीनेच ते प्रयोजन साधले पाहिजे, असे पीठाने ठरवले. एनडीपीएसचे कलम ८० देखील दोन्ही कायदे बरोबरीने लागू राहतात असेच सांगते.

आणखी एक पेच आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही. टीएचसी, त्याचे समघटक (तेच अणू वेगळ्या मांडणीत असलेले पदार्थ) आणि त्यांचे प्रकार एनडीपीएसच्या मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या अनुसूचीत आहेत. सीबीडी त्या अनुसूचीत नाही. पानांतही टीएचसी नैसर्गिकरीत्या असतेच, आणि अर्क काढताना त्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे बाटलीवर पान म्हटलेले असले तरी आतल्या तेलात टीएचसीचे प्रमाण मोठे निघाले, तर सरकारी वकील झाडाच्या भागाचा मुद्दा बाजूला ठेवून थेट अनुसूचीतून, कलम २२ च्या वाटेने येऊ शकतो. पानाची व्याख्या त्या वाटेवर ढाल म्हणून पुरेल असे मला वाटत नाही.

म्हणून कारखान्याला पत्र लिहून तीन गोष्टी मागितल्या. अर्क नेमका कोणत्या भागाचा आणि ती पाने कोणत्या राज्यातून, कोणाच्या परवानगीने गोळा झाली याचा कागद ही पहिली. त्याच बॅचमधील टीएचसी आणि सीबीडीचे प्रमाण दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल ही दुसरी. वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विक्री करू नये अशी कारखान्याचीच लेखी सूचना आहे काय, ही तिसरी. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीला वेगळा परवाना लागत नाही, आणि त्यामुळेच शहापूरपासून अथणीपर्यंत कोणतेही किराणा दुकान असा माल सहज ठेवते. लागत नसलेला परवाना म्हणजे नसलेली जबाबदारी, असे मात्र नाही.

तिसरे खोके

इथे बचावाला जागा फार कमी आहे. डेल्टा-८ हा टीएचसीचाच समघटक असून १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या अनुसूचीत असे समघटक आहेत, आणि भारताची अनुसूचीही त्याच धर्तीवर आहे. ‘हेम्पचा संपूर्ण अर्क’ हे शब्द घेऊन पाहिले तर फुलोऱ्यातून काढलेला अर्क किंवा शुद्ध केलेली राळ असाच अर्थ निघतो. दोन्ही वाटा कलम ८ च्या मनाईकडे जातात. त्यात माल परदेशातून आणला म्हणून आयातीचे कलम आहे, आणि शिनोळीहून बाची ओलांडून आणला म्हणून आंतरराज्य आयातीचाही आरोप होऊ शकतो. आपल्याकडे शेतीच्या एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जावे तशी लोक रोज ही हद्द ओलांडतात. भाजी, दूध, पोरांच्या शाळा, सगळे तसेच चालते. कायद्याच्या लेखी मात्र ती राज्याची सीमा आहे.

वजनाचा हिशेब नीट पाहावा लागतो. प्रत्येक गोळी सुमारे ४ ग्रॅमची आणि लेबलप्रमाणे तिच्यात २५ मिलिग्रॅम डेल्टा-८. नऊ डब्यांतील २७० गोळ्यांचे वजन १,०८० ग्रॅम होते, आणि त्यातील मूळ पदार्थ ६.७५ ग्रॅम. बाकी साखर, जिलेटिन आणि रंग. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मूळ पदार्थाचे वजन धरावे असे म्हटले होते. एप्रिल २०२० मध्ये मोठ्या पीठाने ते मत फिरवले आणि मिश्रणातील निरुपद्रवी पदार्थासह एकूण वजन धरावे असे ठरवले. केंद्र सरकारच्या १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅम आणि व्यापारी मात्रा १ किलो आहे. गांजाची अनुक्रमे १ किलो आणि २० किलो. हा माल चरसाचे मिश्रण म्हणून पुढे आला तर साखरेच्या जोरावर तो व्यापारी मात्रेत जातो. मग शिक्षा किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि किमान एक लाख रुपये दंड. कलम ३७ मुळे जामिनासाठी न्यायालयाला आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी कारण दिसावे लागते आणि आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात.

‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तरही सोपे नाही. ताबा आणि पदार्थाचे स्वरूप हे मूळ मुद्दे सरकार पक्षाने सिद्ध केले की कलम ३५ आणि ५४ खाली गुन्हेगारी मनोवृत्ती गृहीत धरली जाते आणि ती खोडण्याचा भार आरोपीवर येतो. भाच्याचे मोबाइलवरचे संदेश इथे दोन्ही बाजूंनी वापरले जातील : मामाला नशेची कल्पना नव्हती हे त्यातून दिसेल, आणि माल विक्रीसाठीच आणला होता हेही दिसेल.

तपासणीच्या टेबलावर

समजा छापा पडला. दुकान ही लोकांना खुली जागा असल्याने सार्वजनिक जागेतील जप्ती-अटकेचे कलम ४३ लागते. अंगझडती घ्यायची झाली तर कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यापुढे ती घेतली जावी, हा हक्क आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावा लागतो. पंचनामा कन्नडमध्ये लिहिला जाईल. मराठी वाचणाऱ्या दुकानदाराने त्यावर सही करण्याआधी तो आपल्याला वाचून आणि समजावून दिला की नाही, याची नोंद त्याच कागदावर मागावी. ही मागणी भाषिक वादाची नाही, बचावाची आहे. कलम ५२अ आणि डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यापुढे, दोन प्रतींत काढले जातात. गांजा, चरस यांचा नमुना २४ ग्रॅमचा असतो, इतर बहुतेक पदार्थांचा ५ ग्रॅमचा.

प्रयोगशाळेत नमुना गेल्यावर काय पाहतात, हे दुकानदाराला सांगणे मला आवश्यक वाटते. पालापाचोळा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पानांवरचे, बुडाशी चुन्याचा खडा धरलेले, अस्वलाच्या नखासारखे वाकडे केस शोधतात. मग फास्ट ब्लू बी या रंगद्रव्याची चाचणी होते : टीएचसी असेल तर लालसर, सीबीडी असेल तर नारिंगी, कॅनाबिनॉल असेल तर जांभळट छटा येते. तेलात केस सापडत नाहीत, आणि अनेक कॅनाबिनॉइड, म्हणजे झाडातले असे घटक, एकत्र असले की रंग एकमेकांत मिसळतात. ‘कॅनाबिसचे घटक आढळले’ एवढ्या निष्कर्षावर अहवाल थांबला तर तेल पानाचे की शेंड्याचे, सीबीडीचे की टीएचसीचे, हे ठरतच नाही. सगळा खटला ज्या मुद्द्यावर फिरतो त्या मुद्द्यावर अहवाल मुका राहतो. प्रमाण सांगणारी तपासणी मागणे आणि दुसऱ्या नमुन्याच्या तपासणीसाठी वेळेत अर्ज करणे हे बचावाचे पहिले काम आहे.

खटला बेळगावच्या विशेष न्यायालयात चालेल आणि वर धारवाडच्या खंडपीठात जाईल. तोच माल शिनोळीत पकडला गेला असता तर चंदगड पोलीस, कोल्हापूर जिल्हा आणि ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेले मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच असा रस्ता झाला असता. एनडीपीएस दोन्हीकडे एकच आहे. भांग मात्र राज्यांच्या हाती आहे : इकडे कर्नाटक उत्पादन शुल्क कायदा, १९६५, तिकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९, आणि दोन्हींत तिच्यासाठी परवान्याची बंधने आहेत. त्यामुळे एनडीपीएसच्या कचाट्यातून सुटलेली पानांची बाटली राज्याच्या कायद्यात अडकू शकते, आणि दुचाकीने पाच मिनिटांत तो कायदा बदलतो.

पुढे काय केले

बिया विकायला मोकळ्या केल्या. तेलाच्या बाटल्या सीलबंद ठेवून, खरेदीचे बिल आणि कारखान्याला पाठवलेल्या पत्राची पोच त्यांच्यासोबत बांधून, विक्री थांबवली.

डब्यांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. ते विकता येत नाहीत, ठेवता येत नाहीत, कुरियरने परत पाठवणे हा नवा गुन्हा, आणि गुपचूप नष्ट करणे म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घेणे. व्यसनी व्यक्तीने उपचार स्वीकारल्यास तिला कलम ६४अ मध्ये सवलत आहे. अजाणतेपणी माल आलेला जो व्यापारी तो स्वतःहून जमा करतो, त्याला अभय देणारे कलम या कायद्यात नाही. ही उणीव संसदेने भरून काढायला हवी. प्रामाणिक माणसाला लपवण्याकडे ढकलणारा कायदा तपासालाही मदत करत नाही. तोवर वकिलामार्फत, डब्यांची छायाचित्रे, संख्या, वजन, आल्याची तारीख आणि भाच्याचे निवेदन जोडून, उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी अर्जाने माल सुपूर्द करणे आणि शिक्का मारलेली पोच घेणे, हाच कमी धोक्याचा मार्ग आहे. गुन्हा नोंदला जाण्याची शक्यता त्यानेही संपत नाही, आणि दुकानदाराला ती आधीच सांगितली गेली.

सीबीडीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. शुद्ध सीबीडी नशा आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय नियंत्रणात आणू नये असे म्हटले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांवर सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिसला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. मात्र ०.२ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेली सीबीडीची तयार द्रव्ये नियंत्रणाबाहेर ठेवण्याची सूचना त्याच दिवशी फेटाळली गेली. आकडीने बेजार झालेल्या मुलाचे आईबाप शहापूरच्या काउंटरवर येऊन हे तेल मागतात, तेव्हा त्यांना वैद्याकडे पाठवण्याशिवाय दुकानदाराच्या हाती काही नाही. केंद्राने सीबीडीसाठी शुद्धता, टीएचसीची कमाल मर्यादा आणि प्रमाण सांगणारी सक्तीची तपासणी अधिसूचनेने ठरवून दिली, तर या आईबापांचा आणि दुकानदाराचा प्रश्न एकाच वेळी सुटतो.

कारखान्याकडून आलेल्या उत्तरात बॅचचा अहवाल होता, पाने गोळा करण्याच्या परवानगीचा कागद नव्हता. दुसऱ्यांदा पत्र पाठवले असून, तो कागद येईपर्यंत बाटल्या सीलबंदच राहणार आहेत.